तारे नकोत, सुटे द्या

हेब्बाळ, ६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप पद्मकाका,

'तीर्थरूप'च्या पुढचं सगळं मी शाळेत ऑप्शनला टाकलं होतं, तेव्हा नमस्कार तुम्ही मनानेच घ्या. परवा फोन केला तर तुम्ही म्हणालात, "फोनवर सल्ला मिळणार नाही. पत्र लिही. हेब्बाळहून बनशंकरीला माणसापेक्षा पत्र लवकर पोचतं." म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात जाऊन तिकीट विकत घेतलं. तिकीट देणाऱ्या बाईंना टिप द्यायची असते का, हा प्रश्न मला तिथेच पडला, आणि तोच या पत्राचा विषय आहे.

पुण्यात मला हा प्रश्न कधी आलाच नाही. बाबा असताना येणारच नाही. तुमच्या सख्ख्या मोठ्या भावाचं तत्त्व तुम्हाला माहीत आहे: टिप देणं म्हणजे आपल्या पैशाने दुसऱ्याची सवय बिघडवणं. हॉटेलात बिल आलं की ते सुटे उचलतात, बडीशेप कागदात बांधून घेतात आणि रिकामी ताटली वेटरकडे सरकवतात. टॅक्सीतून उतरताना मात्र उदार होतात. "पाच तारे देतो हं तुम्हाला," असं म्हणतात, जणू शेत नावावर करून देतायत.

इथे बेंगळुरूला येऊन मला दोन महिने झाले आणि माझी पार शोभा झाली आहे. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, इडली खाल्ली आणि वीस रुपये ठेवून निघाले. टेबलं पुसणारे मल्लाप्पा "मॅडम, चेंज! चेंज!" असं ओरडत सिग्नलपर्यंत धावत आले आणि माझ्या हातात नोट देऊन गेले. पार्लरमध्ये काहीच दिलं नाही, तर पुढच्या वेळी तिथल्या श्वेताने माझं डोकं गार पाण्याने धुतलं. टीम लंचला विराट म्हणाला दहा टक्के. मी विचारलं, टॅक्स धरून की सोडून? आणि कॅल्क्युलेटर काढला. अख्खं टेबल माझ्याकडे बघत होतं.

तुम्ही चाळीस वर्षं या गावात आहात. कुणाला किती, ते एकदा लिहून द्या. फ्रिजवर लावते.

तुमची पुतणी,
उल्का


बनशंकरी, ११ सप्टेंबर

चि. उल्के,

आशीर्वाद भरपूर. ते मोजून देत नाहीत.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला. टॅक्स धरून की सोडून! शोभतेस खरी दादाची लेक.

आता ऐक. दर्शिनीत टिप नाही. तिथे आपण उभे, वाढणारा उभा, सगळे सारखेच. मल्लाप्पाने नोट परत दिली ती अडाणीपणाने नव्हे, रीत म्हणून. बसून खायचं हॉटेल असेल तर बिल आधी वाच. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर हात जोड आणि ऊठ. नसेल तर दहाच्या आसपास टक्के, डोळ्याने मोजून. कॅल्क्युलेटर काढलास की ती टिप राहत नाही, टॅक्स होतो.

पार्लरमध्ये काउंटरवर ठेवू नकोस, तिथून मालकाकडे जाते. जिने केस कापले तिच्या हातात, पन्नास-शंभर. सिलिंडरवाला तीन मजले चढून आला तर तीस-चाळीस. लिफ्टने आला तर वीस, आणि पाणी विचार. सामान आणून देणाऱ्याला पावसात वीस, उन्हात दहा, आणि दार लगेच उघड. दार लगेच उघडणं हीसुद्धा टिपच आहे. इमारतीच्या वॉचमनला महिन्याच्या महिन्याला देऊ नकोस, तो दुसरा पगार होतो. त्याला वर्षातून एकदा, आयुधपूजेला, नीट पाकिटात. पोस्टातल्या बाईला काही नाही. ती सरकारी आहे, हसलीस तरी घाबरेल.

आणि टॅक्सी. उल्के, दादाला माझा निरोप दे (नको, देऊ नकोस). तारे आकाशात शोभतात. ताऱ्यांवर गॅस भरून मिळत नाही. विमानतळावरचा ड्रायव्हर एका भाड्यासाठी तीन-तीन तास रांगेत बसतो. मग येतो साहेब. दोन बॅगा ड्रायव्हरने उचलायच्या, एसी सोळावर हवा, मोठ्या आवाजात फोनवर कुणाला तरी कामावरून काढायचं, आणि उतरताना "फाइव्ह स्टार, अण्णा!" अगं, ज्याला द्यायचंच नसतं तोच हे आधी बोलून दाखवतो. देणारा गप्प असतो. पन्नास दे, नसतील तर वीस दे, आणि तेही नसतील तर गप्प उतर, पण दार हळू लाव. दार हळू लावणारा माणूस ड्रायव्हरच्या दिवसभर लक्षात राहतो.

शेवटचं. देताना हसू नये, दाखवू नये, आणि 'थँक्यू'ची वाट बघत उभं राहू नये.

तुझा,
पद्मकाका


हेब्बाळ, १९ सप्टेंबर

पद्मकाका,

तुमचं पत्र फ्रिजवर लावलं. फ्लॅटमेट महानंदाने त्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. 'हसलीस तरी घाबरेल' आता आमच्या टीममध्ये रोज वापरलं जातं. श्वेताच्या हातात शंभर ठेवले, तर पाणी कोमट आलं आणि वर कानामागे मसाजसुद्धा मिळाला. सिलिंडरवाल्यांना पाणी विचारलं. ते म्हणाले, "बेडा अक्का, नको, आधीच्या सात घरी पिऊन झालंय." काका, हेब्बाळमधली सगळी घरं तुम्हीच चालवता का?

टॅक्सीवाल्याला न बोलता पन्नास दिले आणि दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही. त्यांना उतरून लावावं लागलं.

आता दोन शंका. तुम्ही 'विमानतळावरचा ड्रायव्हर' यावर जे लिहिलंय ते इतकं मनापासून आहे की महानंदा म्हणाली, तुझे काका आधी काय होते? मी सांगितलं, कारखान्यात मॅनेजर. दुसरं म्हणजे तुमच्या पाकिटावर शिक्का देवनहळ्ळीचा आहे. बनशंकरी गावाच्या एका टोकाला आणि देवनहळ्ळी दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे! एक पत्र टाकायला कुणी इतक्या लांब जातं का? आणि कागदाला लिंबाचा वास येतोय, गाडीत टांगतात त्या परफ्यूमसारखा.

उल्का


बनशंकरी, २४ सप्टेंबर

चि. उल्के,

दार लावण्याचा सराव कर. हळू म्हणजे प्रेमाने, भीत भीत नव्हे.

देवनहळ्ळीचं विशेष काही नाही. माणूस रिटायर झाला की घरात अडचण होते. तुझी शिवलीला काकू म्हणते, "पेपर वाचताना पाय वर घ्या, मला केर काढायचाय," आणि केर दिवसातून तीनदा निघतो. म्हणून एका मित्राबरोबर तिकडे जातो. तिकडे शेतांचे प्लॉट पाडून लेआउट होतायत, लोक जागा बघत हिंडतात, आम्हीही बघतो. हवा मोकळी आहे. लिंबाचा वास मित्राच्या गाडीचा.

आता आयुधपूजेचं. पुण्यात दसऱ्याला सोनं वाटून मोकळे होतात, इथे त्याच्या आदल्या दिवशी अख्खं गाव गाडी धुतं. तुमच्या वॉचमनला, देवाप्पा ना त्यांचं नाव, पाचशेचं पाकीट दे, सोबत चुरमुरे आणि मिठाई, आणि दोन्ही हातांनी दे. दिवाणखान्यात बोलावून दिलंस तर फारच उत्तम. ती बक्षिशी नसते, त्यांच्या शिट्टीची पूजा असते. चाकाखाली लिंबं ठेवतात तेव्हा मध्ये उभी राहू नकोस. मागच्या वर्षी माझ्या (म्हणजे मित्राच्या) गाडीखालचं लिंबू उडून एका बाईच्या पर्समध्ये गेलं होतं.

दादाशी बोलशील तेव्हा देवनहळ्ळी वगैरे काढू नकोस. उगाच काळजी करतो.

पद्मकाका


हेब्बाळ, ६ ऑक्टोबर

पद्मकाका,

देवाप्पांना घरात बोलावून दोन्ही हातांनी पाकीट दिलं. त्यांनी शिट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली, कुंकू लावलं, आणि जाताना विसरून गेले. तासभर आमच्या गेटवर ट्रॅफिक जाम होता.

आता रागावू नका. मी बाबांना सांगून टाकलं. तुम्ही नको म्हणाला होतात ते मला मोडी लिपीसारखं दिसलं, कळलं असं वाटलं आणि कळलं नव्हतं. बाबा फोनवर उदास होते, 'पद्मा हल्ली फोन उचलत नाही' म्हणाले, म्हणून मी म्हटलं, अहो, काका देवनहळ्ळीला प्लॉट बघतायत.

काका, बाबांचा आवाजच बदलला. "पद्माने जागा बघितली म्हणजे बघितली! साहेब माणूस आहे तो, पारखून घेतो." मग म्हणाले, अर्धा प्लॉट मी घेतो. म्हातारपणी दोघं भाऊ शेजारी शेजारी राहू, मध्ये भिंत घालायची नाही. त्यांचं एक डिपॉझिट पिकलंय. पंधरा नोव्हेंबरचं विमानाचं तिकीट काढलंय. विमानाचं! ज्या माणसाने रिक्षाने जाताना कधी बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही, कारण खाली ठेवली की तिचे पैसे लावतात, तो विमानाने येतोय. सोबत सहीचा चेक आणतायत.

सॉरी, काका. पण ही तर चांगली बातमी आहे ना?

उल्का


बनशंकरी, १० ऑक्टोबर

उल्के,

अय्यो, काय करून बसलीस!

दादाला लगेच कळव: जागेवर कोर्टात दावा आहे. शिवाय ती तळ्यात येते. शिवाय तिथे साप आहेत. शिवाय ती कालच दुसऱ्याने घेतली. यातलं कुठलंही एक सांग, सगळी सांगू नकोस. तिकीट रद्द करायला लाव.

मी घाईत आहे, पुढची गाडी हलली.

पद्मकाका


हेब्बाळ, २७ ऑक्टोबर

पद्मकाका,

दिवाळीला पुण्याला गेले तेव्हा बाबांना समोर बसवून सांगितलं. गडबडीत चारही कारणं सांगितली. बाबा म्हणाले, "दाव्याची आणि सापाची जागा म्हणजे भाव पडलेला असणार. पद्मा हुशार आहे." तिकीट कायम आहे.

तीन दिवसांपूर्वी परत आले. देवनहळ्ळीच्या विमानतळातून बाहेर पडले, टॅक्सीच्या रांगेकडे वळले आणि थांबले. रांगेत चौथी गाडी. पिवळी नंबरप्लेट. दार उघडं, एक पाय बाहेर, अंगात ड्रायव्हरचा पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर, जीभ दातांत, मांडीवर लिहायचं पॅड. माझे पद्मकाका.

तिथे लिहीत होतात ते पत्र आज मिळालं. सुरुवात अशी आहे: 'गॅलरीत निवांत बसून लिहितो आहे. समोर नारळाच्या झावळ्या हलतात.' काका, समोर कार पार्किंगचा खांब क्रमांक सात हलत होता.

मी हाक मारली नाही. रांगेतून मागे फिरले आणि बसने हेब्बाळला आले. तुमच्या गाडीत बसायची मला लाज नव्हती, उलट पळत यावंसं वाटत होतं. पण उतरताना तुम्हाला किती द्यायचे हे फ्रिजवरच्या कागदात नव्हतं.

ती सगळी रात्र वाईट वाटत राहिलं. तुम्ही ड्रायव्हर आहात म्हणून नाही. मी तुम्हाला ताऱ्यांबद्दलचे विनोद लिहीत होते आणि तुम्ही ते रांगेत बसून वाचत होतात, म्हणून. फोनवर का बोलत नव्हतात तेही आता कळलं. फोन भाड्यासाठी मोकळा ठेवायचा असतो ना?

बाबांना मी एक अक्षर बोललेली नाही. या वेळी खरंच नाही.

उल्का


देवनहळ्ळी, १ नोव्हेंबर

चि. उल्के,

वरचं गाव पाहिलंस ना? पहिल्यांदाच खरं लिहिलं. समोर खांब क्रमांक सात आहे.

तीन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. मिळालं ते शुभंकरच्या जर्मनीतल्या शिक्षणात गेलं, आणि ते गेलं याचं दुःख नाही, पोरगा मार्गी लागला. तो म्हणतो, बाबा, सोडा आता. पण घर मला चालवायचं आहे, आणि खरं सांगायचं तर आता मला या रांगेची गोडी लागली आहे. चंदन म्हणून बेळगावकडचा एक ड्रायव्हर आहे, त्याच्याशी मराठी-कानडी दोन्हीत भांडता येतं.

पहिल्या आठवड्यात एका बाईने उतरताना वीस रुपये पुढे केले. मी हात मागे घेतला. "नको, नको, मॅडम," म्हणालो. मॅनेजर होतो ना मी. ती एवढीशी झाली, तिला वाटलं कमी दिले. संध्याकाळभर तिचा चेहरा डोळ्यांपुढे होता. तेव्हा कळलं, द्यायला जसं शिकावं लागतं तसं घ्यायलाही. तुला जे नियम लिहिले ते सगळे स्टिअरिंगच्या या बाजूने शिकलेले आहेत.

तुझ्या बापापासून लपवलं, त्याचं कारण सांगतो. निपाणीत आमचे वडील तंबाखूच्या वखारीत होते. दोघांना शिकवायची ऐपत नव्हती. दादा माझ्याहून हुशार, पण अठराव्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं आणि पुण्याला बँकेत चिकटला. माझ्या डिप्लोमाची फी त्याच्या पगारातून गेली. तो टिप देत नाही म्हणून तुम्ही हसता. मला माहीत आहे तो पैसा वाचवायला कधी शिकला आणि कुणासाठी. आजही तो सोसायटीत सांगतो, 'धाकटा बेंगळुरूला साहेब आहे.' त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुझी फी शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसली? मला ड्रायव्हर असल्याची लाज नाही वाटत, उल्के. त्याला वाटेल, याची भीती वाटते. वीस भाडी चुकली तरी चालतील, पण दादाची मान खाली जायला नको.

पण तो चेक घेऊन येतोय आणि प्लॉट तर नाहीच. शेजारी शेजारी राहू म्हणाला, ते वाक्य तू लिहिलंस तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा ठरवलं आहे. पंधरा तारखेला त्याला आणायला तू जाऊ नकोस. मी जातो. याच शर्टात.

पद्मकाका


देवनहळ्ळी, १८ नोव्हेंबर

चि. उल्के,

त्या दिवशी तुझ्यासमोर आम्ही दोघं गप्प इडली खात बसलो आणि तू आळीपाळीने दोघांकडे बघत होतीस. दादाने तुला काही सांगितलं नसणार. मी सांगतो.

रांगेत माझ्या पुढे चंदन होता. त्याला म्हटलं, "ते टोपीवाले अण्णा माझे, तू मागचं भाडं घे." दादा बाहेर आला, बॅग छातीशी धरून. माझ्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, नंबरप्लेटकडे बघितलं. मी मागचं दार उघडलं. त्याने बॅग मागच्या सीटवर ठेवली, दार हळू लावलं, आणि वळसा घालून पुढे माझ्या शेजारी येऊन बसला.

एवढ्यानेच माझी जीभ सुटली. मग जे सुरू केलं ते यलहंकापर्यंत सगळं सांगून संपवलं. कारखाना, शुभंकर, रांग. तो समोर बघत होता.

"म्हणजे जागा नाही?" त्याने विचारलं.

"नाही, दादा."

"आणि साप?"

"तेही नाहीत. चेक फाडून टाक."

"फाडू कशाला? पुस्तकातल्या एका पानाचे पैसे पडतात." चेक घडी घालून त्याने खिशात ठेवला. हेब्बाळचा पूल आला तेव्हा म्हणाला, "गाडी चांगली चालवतोस. सायकल मात्र माझ्याच अंगावर घातली होतीस." आणि मग, खिडकीकडे तोंड करून, "पद्मा, मी तुला शिकवलं ते कुणाच्या दारात हात पसरावा लागू नये म्हणून. साहेब हो असं कुठे म्हटलं होतं? ते तर मी सोसायटीत सांगायला म्हणायचो."

तुझ्या गेटाशी थांबलो. मी मीटर बंद केला, तर म्हणाला, "किती झाले?" मी म्हटलं, काहीतरीच काय. तो म्हणाला, "धंदा तो धंदा. बिल माझ्या नंबरावर कर." आठशे बेचाळीस झाले होते. त्याने आठशे बेचाळीसच मोजून दिले, दोनचं नाणं शोधायला देवाप्पांना दोन मिनिटं खोळंबवून. मी मनात हसलो, म्हटलं, दादा तो दादा.

मग त्याने परत पाकीट काढलं. दहाची एक नोट घेतली, चार घड्या घातल्या, माझा हात धरून मुठीत कोंबली आणि मूठ मिटवली. "खाऊ घे," म्हणाला.

उल्के, तो नोकरीला पहिल्यांदा पुण्याला निघाला तेव्हा निपाणीच्या स्टँडवर बसच्या खिडकीतून त्याने असेच चार आणे माझ्या मुठीत कोंबले होते आणि हेच म्हणाला होता. मी बारा वर्षांचा होतो. आता बासष्टचा आहे. देवाप्पांच्या देखत रडलो. त्यांनी शिट्टी वाजवून मागची गाडी थांबवून धरली. त्यांना पुढच्या आयुधपूजेला शंभर वाढवून दे.

तुझी काकू म्हणाली, ती नोट देवात ठेवा. मी ठेवली नाही. रांगेत शेंगावाला येतो, त्याच्याकडून दहाच्या शेंगा घेतल्या आणि खांब क्रमांक सातला टेकून सगळ्या एकट्याने खाल्ल्या. चंदनलाही दिल्या नाहीत. खाऊचे पैसे खाऊवरच घालवायचे असतात.

प्लॉटचं म्हणशील तर दादाने माझ्या घराच्या वरच्या मजल्याचं भाडं विचारलं आहे. सध्या घासाघीस चालू आहे. कमी करायला तयार नाही मी.

आणि हो, बिल त्याच्या नंबरावर केलं तेव्हा तारे द्यायचा निरोप त्याच्या फोनवर गेला. काल बघितलं तर चार. मी लगेच फोन लावला: "दादा, उभा जन्म परक्यांना पाच वाटलेस, आणि मला चार?"

"तीन वर्षं लपवलंस, त्याचा एक कापला," म्हणाला.

सरी, ठीक आहे. बरोबरच कापला.

तुझा,
पद्मकाका